बांधलेलं मडकं

ट्रेनिंगला येणाऱ्या पोरी मला मागून ‘थाळीवाली’ म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि मी कधी रागावले नाही. पहिला आठवडा मी त्यांच्या हाती पुस्तकच देत नसे. तामचिनीची पांढरी थाळी, बादलीभर पाणी, आणि बाळंतपणाच्या खोलीतून आलेली वार. आईच्या पोटात बाळाला पोसणारी ती मांसाची भाकर, बाळामागून बाहेर पडते. ती थाळीत पसरायची, धुवायची, तिच्या फोडी एकमेकींना नीट जुळतात की एखादी जागा खड्ड्यासारखी रिकामी आहे, ते बघायचं. रिकामी असेल तर तो तुकडा आत राहिलाय. आत राहिलेला तुकडा बाईला सोडत नाही.

पोरी नाकाला पदर लावायच्या. मी म्हणायची, पदर खाली घ्या, वासही ओळखता आला पाहिजे. एकदा भोपाळहून आलेल्या साहेबांनी विचारलं, की तुमच्या मुलींना लेखी परीक्षेत गुण कमी का? मी म्हटलं, साहेब, माझ्या मुलींच्या हातून बाया किती वाचल्या ते विचारा. साहेबांना माझा सूर आवडला नाही. माझा सूर तसा कुणालाच आवडत नाही.

पण हा हट्ट मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. वयाच्या विसाव्या वर्षी मी अशी अजिबात नव्हते. मी पहिला नंबर आलेली, नाक वर असलेली, पोपटासारखी घडाघडा बोलणारी नर्स होते. त्या नर्सची मला आजही भीती वाटते.

आमचं गाव राजेगावच्या रस्त्यापासून आत, धानाच्या बांधांमध्ये. छप्पन साली आमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि घरातले सगळे देव त्यानं टोपलीत भरून नदीला दिले. भूत, भानामती, उतारा, लिंबू-मिरची, काही काही या घरात चालणार नाही, असं त्यानं सांगितलं. आणि दुसरं म्हणजे नदीपलीकडचे आमचे सोयरे दुसऱ्या राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. शाळेतला मराठीचा वर्ग मिटत गेला. म्हणून सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. बापाला दिलेला शब्द आहे. तरी मला जे ऐकू येत आलंय त्याला काय म्हणावं, हे आजवर ठरवता आलेलं नाही.

बापाची थोरली बहीण, माझी आत्या, गावाची दाई होती. तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनीच हे काम करायचं, अशी पिढ्यानपिढ्यांची रीत. पाटलाच्या घरात एरवी आम्हाला ओसरीच्या पुढे जायची मुभा नव्हती. बाळंतपणापुरती मात्र आत्याला थेट आतल्या खोलीत नेत, आणि काम झालं की तिच्या पावलांमागं सारवून काढत. वार पुरणं हा तिचा हक्क होता. वार नव्या मडक्यात घालायची, हळद-तांदूळ टाकायचे, पिवळ्या फडक्यानं तोंड बांधायचं आणि अंगणाच्या कोपऱ्यात पुरायचं. एकदा तोंड बांधलं की मडकं सोडायचं नाही. सोडलं तर आईचं दूध आटतं, असं सगळे मानत. म्हणून आत्या आधी पळसाच्या दोन पानांवर वार पसरायची, बोटांनी चाचपायची, कधी नाकाजवळ नेऊन वास घ्यायची, आणि मग मडक्यात घालायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

ती सगळंच शहाणपणाचं करायची असं नाही. नाळ विळ्यानं कापायची, बेंबीवर राख लावायची. आमच्या भागात आठव्या दिवशी धनुर्वातानं जाणारी लेकरं कितीतरी. ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीला आले तेव्हा मी तिला नवं पातं आणि उकळलेला दोरा दिला, राखेचं सांगितलं. मला वाटलं भांडेल. ती एवढंच म्हणाली, की हे आधी कोणी सांगितलं असतं तर किती लेकरं राहिली असती. पुढे तिनं राखेला हात लावला नाही. तेवढ्यावरून माझा समज झाला की आता मी शिकवायची आणि तिनं शिकायचं, हे कायमचं ठरलं.

बालाघाटच्या ट्रेनिंग सेंटरात आमच्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांनाही हिंदी धड येत नव्हती आणि मलाही. त्या फार थोड्या गोष्टी शिकवत आणि त्याच त्याच शिकवत. हात कोपरापर्यंत धुणं. पातं, दोरा उकळणं. बाळंत झालेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय नारळासारखं घट्ट झालंय का ते पाहणं. वार पाहणं. एवढं हाताला बसलं की बाकीचं पुस्तक सावकाश वाचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते बाळबोध वाटायचं. मराठी शाळेतून आलेली मी, हिंदीच्या धाकानं अख्खं पुस्तक स्वल्पविरामासकट पाठ केलं होतं. कमरेच्या हाडांची सगळी नावं, वार अडकण्याची सगळी कारणं, क्रमानं. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी वार का तपासतात हे विचारलं, तेव्हा मी न थांबता आठ वाक्यं म्हणून दाखवली. ते शाब्बास म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर थाळीशी उभं केलं. मी भराभर वार उलटीपालटी केली आणि पूर्ण आहे म्हणून सांगितलं. सिस्टरनी आपली मूठ उघडली. एक फोड त्यांनी आधीच काढून मुठीत ठेवली होती. वर्ग हसला. माझे कान तापले. त्या म्हणाल्या, “पहले देखो, फिर हाथ धोओ.” मी त्यातून काय शिकले? सिस्टरचा माझ्यावर डूख आहे, एवढंच शिकले. परीक्षेत पहिली येऊन मी त्यांना दाखवून दिलं.

नेमणूक आमच्याच भागात मिळाली. उपकेंद्र आमच्या गावापासून तीन मैलांवर. पांढरी साडी, पायात काळे बूट, चामड्याची पेटी. बाप बाजारातून जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचा. आमच्यातली मी पहिली नर्स होते, आणि मला ते एका क्षणासाठीही विसरता येत नव्हतं.

धानाच्या कापणीचे दिवस होते. पाटलाच्या धाकट्या सुनेचं पहिलंच बाळंतपण. पाटलानं गाडी पाठवून सरकारी नर्सला बोलावलं. गावात ते पहिल्यांदाच घडत होतं. आत्यालाही बोलावलेलं, पण आत नव्हे. ती अंगणात, पेरूच्या झाडाखाली, नवं मडकं पुढ्यात घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जशी ती पाटलिणीपुढे करायची. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

दुपारी मुलगी झाली. चांगली रडली. सून माझ्याच वयाची, हातात हिरव्या बांगड्या, एवढ्या वेदनांमध्येही मला अहो-जाहो करणारी. वार यायला वेळ लागला. मी नाळ जराशी ओढली. ती ओढायची नसते, हे माझ्या पाठ होतं. वार आली, पितळी परातीत पडली. पाटलीण माझ्या शेजारी उभी होती. थोरल्या सुनेनं नाकाला पदर लावला होता.

आता मी उकिडवी बसून, पाणी ओतून, बोटांनी त्या फोडी चाचपायला हव्या होत्या. तेवढंच. भाकरी परतायला लागतो तेवढा वेळ. पण तसं बसणं म्हणजे पेरूखाली बसलेल्या आत्यासारखं बसणं. ते काम आमच्या बायांचं, ज्यांच्या पावलांमागं सारवतात त्यांचं. त्या खोलीत मी नर्स होते, दाई नव्हते. पाटलीण माझ्याकडे बघत होती. मी हातानं परात पुढे सरकवली आणि घेऊन जा म्हणून सांगितलं.

थोरली सून मडकं आत घेऊन आली. हळद, तांदूळ, पिवळं फडकं. मी तोवर साबणानं हात धूत होते, कोपरापर्यंत, सगळ्यांना दिसेल असे. थोडा रक्तस्राव जास्त वाटला तेव्हा गोळी दिली, पोटावर हात ठेवला. घट्ट लागलं. निदान मला घट्ट लागलं असं वाटलं. मग पाटलिणीनं मला खुर्ची दिली आणि चहा दिला. घरातल्याच कपबशीत. आलं घातलेला, दुधाचा, फार गोड. आमच्या घराण्यातलं कोणी त्या कपाला कधी ओठ लावलेला नव्हता. मी सावकाश, घोट घोट घेत प्यायले.

निघताना अंगणात आत्यानं मला थांबवलं. मडकं बांधून तिच्या हाती आलं होतं, खड्डा खणून तयार होता. तिनं हळूच, घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “वार पाह्यली काय माय तुनं?”

“हौ,” मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली आणि तिनं मडकं खड्ड्यात ठेवलं. मी गाडीत चढले तेव्हा ती हातानं माती ओढत होती. वर कितीतरी वर्षं हळदीचा पिवळा डाग दिसेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पहिल्याच सारवणात तो गेला असणार.

तिसऱ्या दिवशी मी बाळंतिणीला बघायला गेले. अंग कोमट होतं. खोलीत शेक-शेगडीच्या धुरातूनही एक वास येत होता. तो वास मी ट्रेनिंगमध्ये घेतला होता, सिस्टरनी आम्हाला रांगेनं उभं करून घ्यायला लावला होता. मला कळलं होतं. कळलं होतं, आणि मी ते स्वतःला कळू दिलं नाही. दुधाचा ताप आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या म्हटलं असतं तर? पण मग का न्या, हे सांगावं लागलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळीच पाटलाचा गडी धावत उपकेंद्रावर आला. मी पोचले तेव्हा रक्तानं गोधडी भिजून खालचा पेंढाही भिजला होता. बैलगाडीत तिला निजवलं, मी शेजारी, लेकरू थोरल्या सुनेच्या मांडीवर, नवरा गाडीबरोबर चालत. बांधावरून रस्त्यापर्यंत तास गेला. कापलेल्या धानाच्या पेंढ्या सगळीकडे पडलेल्या, बाया गाणी म्हणत होत्या. गाडी बघून थांबल्या. रस्त्याला एक मोहाचं झाड आहे, तिथं बालाघाटची बस थांबते. आम्ही तिथं गाडी सोडली आणि बसची वाट बघत राहिलो.

मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरलं होतं. ते कणकेसारखं मऊ लागत होतं. आता मला सगळं आठवत होतं, आठच्या आठ वाक्यं, त्याच क्रमानं, आणि त्यातल्या एकाचाही काही उपयोग नव्हता. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडेच बघितलं.

“बाई,” ती म्हणाली, “दूध उतरून राह्यलं. पोरीले द्या ना जराशी.”

खरंच उतरलं होतं. चोळी ओली झाली होती. मडकं कोणी सोडलं नव्हतं, दूध आटलं नव्हतं, सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. थोरलीनं मुलीला तिच्या कुशीत दिलं. मुलगी प्यायली. ती पीत असतानाच तिची आई गेली. मुलीला कळलं नाही, ती पीत राहिली, आणि कितीतरी वेळ आम्ही कोणी तिला उचलून घेतलं नाही. बस आली, थांबली, आणि कोणी चढत नाही बघून निघून गेली.

गावानं आपला न्याय केला. पाटलीण म्हणाली, पुरताना दाईनं मडक्याचं तोंड सोडलं असणार, वाईट नजर. दूध तर शेवटपर्यंत होतं, हे सांगायला नवरा आणि थोरली होते, पण दुःखात असं कोण जुळवून बघतं. आत्याला गावात बोलावणं बंद झालं. पाटलाकडूनच नव्हे, आमच्या मोहल्ल्यातूनही. तिच्या हाताला दोष लागला म्हणाले. जी बाई चाळीस वर्षं प्रत्येक बाळाचं तोंड सगळ्यांत आधी बघत आली, ती वावरात धान वेचायला जाऊ लागली. वाटेत ती समोर आली तर गरोदर बाई पदर आडवा घ्यायची.

ती एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. नर्सला विचारलं होतं, ती हौ म्हणाली. आत्या ते कधीच बोलली नाही. महिन्याभरानं मी तिच्या झोपडीत गेले, खाली मान घालून बसले. मी काही बोलायच्या आधीच ती बोलली.

“तुयं नाव गेलं त उद्या आपल्या कोनत्या पोरीले घरात घेतीन? मायं काय, मी म्हातारी होऊन राह्यली.”

मग तिनं मला अंबील दिली. मी ती प्यायले आणि घरी आले. मी तेवढी हलकी होते, हे लिहून ठेवते.

त्यानंतर मी एकही वार पाहिल्याशिवाय सोडली नाही. पाटलांकडे, गोंडांच्या टोल्यावरच्या वस्तीत, तिरोडीला खाणीच्या मजुरांच्या झोपड्यांत, कुठेही. उकिडवी बसून, पाणी ओतून, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. लोक म्हणायचे, ही नर्स दाईसारखी बसते. पण ती सवय चांगली असली तरी तिच्यामागून दुसरंच काहीतरी आलं. थाळी धुऊन पालथी घातली की मला हमखास वाटायचं, काहीतरी राहिलं. स्वयंपाकघरात परात घासताना हात थांबायचे. बसनं जाताना मोहाचं झाड ज्या बाजूला येतं त्या बाजूला मी बसत नसे, आणि दुसऱ्या बाजूला बसूनही ते कधी मागे पडलं ते मला नेमकं कळायचं. आणि गर्दीत, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, मागून कोणीतरी हळूच विचारायचं, पाह्यली काय? मी वळायची. कोणी नसायचं. बाप म्हणायचा, मनाचे खेळ आहेत. मलाही ते पटायचं. पटून काही फरक पडत नसे.

शिकवायला लागले तेव्हा मला एक गोष्ट हळूहळू उमगली. मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण जे मुळातलं होतं त्याला मी पहिल्या पायरीवरचं, बाळबोध समजले आणि जे मिरवायचं होतं त्याला ज्ञान समजले. हिंदी शाळांतून येणाऱ्या पोरी गाइड पाठ करून यायच्या, माझ्याचसारख्या चुणचुणीत. त्यांच्या तोंडून ती भराभर वाक्यं ऐकली की मी त्यांना मध्येच तोडायची. मग मी ओरडायची, नको तितकी कठोर व्हायची. एकीला मी रडवलं होतं, तीन वेळा तीच थाळी पुन्हा तपासायला लावून. मीही फोड मुठीत लपवायला लागले होते.

सत्तरनंतर सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायचं काढलं. प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी मिळणार, त्यात पातं, दोरा, साबण. बालाघाटला आमच्या केंद्रातच शिबिर भरलं. वीसेक म्हाताऱ्या सतरंजीवर बसल्या होत्या. आमच्या गावाकडून आत्याचं नाव कोणी दिलं नव्हतं, म्हणून मीच ते घातलं होतं. वाटलं होतं येणार नाही. ती पुढच्या रांगेत बसली होती, केस पार पांढरे, हात गुडघ्यांवर. तिच्या मागे आमच्याच गावच्या पलीकडल्या टोल्यावरची एक दाई होती, जिला आता पाटलाच्या घरून बोलावणं यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारेचा पाठ होता. थाळीत वार पसरलेली, पाणी ओतलेलं. मी एकेकीला विचारत होते, वार पडल्यावर काय करशील? कोणी म्हणे पुरीन, कोणी म्हणे पाहीन मग पुरीन. आत्याची पाळी आली. दुसऱ्या कोणा बाईला विचारावं तसं मी विचारलं.

ती म्हणाली, “नर्सबाई असन त तिले इचारीन, पाह्यली काय म्हनून.”

बाया हसल्या. मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण इतकी वर्षं मागून जो आवाज मला विचारत आला होता तो आता समोर बसला होता, आणि त्याला पाठ दाखवायला जागा उरली नव्हती.

“अन् ते हौ म्हनली त?” मी विचारलं. किती वर्षांनी मी वर्गात आमच्या बोलीत बोलले होते.

आत्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. राग नव्हता त्यात. राग असता तर सोपं गेलं असतं.

“तवा इस्वास ठेवला,” ती म्हणाली. “आता मडकं सोडीन.”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. बांधलेलं मडकं सोडणार, असं एका दाईनं चारचौघींत म्हणणं म्हणजे भलतंच. मागची ती गावची दाई पुढे सरकून ऐकू लागली. मी थाळीची कड धरली आणि बोलले. सगळं बोलले. पाटलाची सून, परात, कपबशी, अंगणातला तो ‘हौ’. त्या वारेची फोड आत राहिली होती, आणि मी ती पाहिली नव्हती, आणि ह्या बाईनं मडकं सोडलं नव्हतं. तिनं सोडलं असतं तर ती सून आज जिवंत असती. मी रडले, वीस म्हाताऱ्यांसमोर, पांढऱ्या साडीत.

ही गोष्ट आठवड्याभरात गावी पोचली. ती पोचावी म्हणूनच तर मी बोलले होते. त्या मुलीचा बाप, पाटलाचा धाकटा मुलगा, एक दिवस केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्यानं आवाज चढवला नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की इतकी वर्षं का नाही सांगितलं. मला जे आठवत होतं ते चहाचा कप आणि माझं नाव, आणि ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तो बसकडे गेला. पुढच्या वर्षी त्याच्या पुतण्याच्या बायकोच्या बाळंतपणाला त्यानं आत्याला बोलावणं पाठवलं. आत्या गेली. मला तिनं ते सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

पण त्या सकाळी वर्गात, मी रडत असताना, आत्या उठली होती. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिनं मला बाजूला केलं, उकिडवी बसली आणि बाह्या वर केल्या.

“सांगनं झालं असन त थाळी इकडे सरकव,” ती म्हणाली. “ह्या बाया काई मायी कहानी आयकाले नाही आल्या.”

मी थाळी सरकवली. तिची बोटं वाकडी झाली होती, सांधे सुजलेले, तरी फोडींवरून ती सावकाश, एकही जागा न सोडता फिरत गेली. कड जुळवली. मध्ये एके ठिकाणी थांबून पुन्हा मागे आली. बाया तिच्याभोवती वाकल्या. मागची ती गावची दाईही आली आणि आत्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

“पाह्यली काय?” आत्यानं मान वर न करता विचारलं. कोणाला ते तिनं म्हटलं नाही.

“हौ,” मी म्हटलं. आणि तिच्या शेजारी उकिडवी बसून मी ती पुन्हा पहिल्यापासून पाहिली.